कलावती आजीचा नागरिक

कलावती आजी एखाद्याला नागरिक म्हणली की समजायचं, त्याची आता धडगत नाही.

आमच्या बिल्डिंगसमोर कालवा होता, कालव्याच्या कडेला मासेवाल्याची गाडी लागायची आणि त्या गाडीपाशी एक बगळा उभा असायचा, राखाडी, मान आत घेऊन, दिवसभर. आजी वरून त्याच्याकडं बोट करायची. "तो बघ. अस्सल नागरिक. काम करत नाही, जागा सोडत नाही, आणि मासा मिळाला नाही की सगळ्यांकडं रागानं बघतो." सायकलवरचा कोणी घंटी वाजवत अंगावर ओरडून गेला की म्हणायची, "नागरिक गेला." लिफ्टमध्ये सिगारेट विझवलेली दिसली की, "इथं एक नागरिक येऊन गेलाय." हा शब्द ती डचमध्येच वापरायची, त्यांचा बगळा त्यांच्याच भाषेत, पण मी आपला मराठीत लिहिते. आणि मी कोण? मी पाहुणी. "ही पाहुणी," असं ती सगळ्यांना सांगायची, मी तिथं राहायला लागून तीन वर्षं झाली तरी.

ती गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या मुलीनं कळवलं. तेव्हापासून ती सारखी डोळ्यासमोर येते, भांडी घासताना, आर्वीला शाळेत सोडताना, म्हणून म्हणलं लिहून काढावं.

आम्ही तेव्हा अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला राहत होतो, चौथ्या मजल्यावर. आपल्याकडच्या चाळीसारखं, सगळ्यांची दारं एकाच लांब गॅलरीत उघडायची. आमचे हे कॉम्प्युटरवाले, सकाळी मेट्रोनं जायचे ते संध्याकाळी यायचे. मी अकरावीत शाळा सोडलेली, चाकणजवळच्या गावातली, आत्याच्या मुलाला दिलेली म्हणून इथवर आलेली, नाहीतर मी कुठली हॉलंडला येते. घरात मी आणि तीन महिन्यांची आर्वी. दाराची बेल वाजली तरी मी श्वास रोखून उभी राहायची, जाईल जाईल म्हणून.

पहिल्या दिवशी तीच बेल वाजवत राहिली. गेलीच नाही. शेवटी मी दार उघडलं तर समोर एक काळीसावळी, ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई, अंगात फुलाफुलांचा फ्रॉक, हातात सोन्याच्या बांगड्या, आणि ती गॅलरीच्या कठड्याकडं बोट करून विचारत होती, "हे कुठल्या देशाचे झेंडे?"

मी आर्वीची दुपटी आणि लंगोट वाळत घातले होते, एका ओळीनं.

"सॉरी सॉरी," मी म्हणलं, आणि धावत जाऊन काढायला लागले.

"सॉरी कशाला? मी विचारतेय. उत्तर दे."

ती हे हिंदीत म्हणली. हिंदी म्हणजे सिनेमातली नाही, काहीतरी जुनी, गावाकडची, मध्येच डच घुसलेली. 'का भइल बेटी' वगैरे. मला पहिल्यांदा निम्मं कळायचं, नंतर नंतर ते माझ्या कानात मराठीच होऊन पडायला लागलं, म्हणून इथं तसंच लिहिते.

मी म्हणलं, "इंडिया."

"इंडिया!" ती दारातूनच आत डोकावली. "तिथं अजून लोक राहतात? आमच्यातले तर कधीच निघून आले."

तिचा आजा कलकत्त्याहून जहाजात बसून पार दक्षिण अमेरिकेत, सुरीनामला गेला होता, गोऱ्यांच्या उसाच्या मळ्यात. सुरीनाम तेव्हा डचांचा. ती तिथं जन्मली, लग्न होऊन इथं आली, इंडिया तिनं कधी पाहिला नाही आणि पाहायची इच्छाही नव्हती. "तिथून पळून यायला आमच्या माणसाला समुद्र पार करावा लागला, आता परत तिकीट काढून जाऊ?" असं म्हणायची. पण तिची नातवंडं तिला 'आजी' म्हणायची. हाच शब्द. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला रडूच आलं. तर ती म्हणली, "रडतेस काय, मी म्हातारी झाले, आजीच म्हणणार ना."

त्यानंतर ती रोज यायची. आर्वीच्या टाळूला तेल घालायची, माझ्या चहाला नावं ठेवायची, माझी पोळी हातात धरून खिडकीकडं करायची, "यातून कालवा दिसायला पाहिजे." तिच्या रोटीतून खरंच दिसायचा. मी घराबाहेर पडायला घाबरायची ते तिला महिनाभरात कळलं. तिनं काही समजूत घातली नाही. एकदा नुसती म्हणली, "तू घरात असलीस की मला बरं वाटतं. बाहेर एक माणूस कमी." आणि दुसऱ्या दिवशी मला ढकलत बाजारात घेऊन गेली.

आर्वी चार वर्षांची झाली, शाळेत जायला लागली, मी मराठीत बोलायची आणि ती डचमध्ये उत्तर द्यायची. आणि तेव्हाच ह्यांनी इथल्या नागरिकत्वाचं काढलं. पाच वर्षं भरली होती. ऑफिसात रोज कोणीतरी सांगायचं की नियम बदलणार, नंतर दहा वर्षं लागणार, करायचं असेल तर आत्ताच. इथं दोन दोन देश ठेवता येत नाहीत, इकडचं घेतलं की तिकडचं सोडायचं. आणि परीक्षा द्यायची, भाषेची आणि इथल्या रीतिभातींची, प्रत्येकानं आपापली. ह्यांनी सुट्टीच्या एका आठवड्यात अभ्यास केला आणि सगळे पेपर पास. आर्वीला परीक्षाच नाही, ती बापाबरोबर आपोआप होणार. राहिले मी.

गावाला फोन केला तर आई म्हणली, "म्हणजे आता तू मतदानाला येणार नाहीस?"

"आई, गेल्या दोन वेळेला मी कुठं आले होते?"

"आली नाहीस ते वेगळं. पण येऊ शकत होतीस ना?"

मी अभ्यासाला बसले. रीतिभातींच्या पुस्तकात प्रश्न असायचे. शेजारी मोठ्यानं गाणी लावतो, तुम्ही आधी काय कराल? पोलिसांना बोलवाल, की भिंतीवर ठोकाल, की त्याच्याकडं जाऊन शांतपणे बोलाल? मी आजीला विचारलं, आजी इतकी वर्षं राहिलेली.

"जाऊन शांतपणे बोलायचं," ती लगेच म्हणली.

"तुमच्याकडं कोणी आलं होतं का असं बोलायला?"

"पन्नास वर्षांत एकही नाही. चिठ्ठी टाकून पळून जातात."

"मग खोटं लिहायचं?"

"खोटं कशाला? ते विचारतायत नागरिक काय करतो. माणसं काय करतात ते त्यांनी विचारलंय का?"

तेवढा पेपर मी पास झाले. वाचायचा झाले, ऐकायचा झाले, लिहायचा कसाबसा झाले. बोलायच्या पेपरात नापास. तिथं समोर माणूस नसतो. कानाला हेडफोन, समोर पडदा, पडद्यावरची बाई हसून विचारते, सुट्टीच्या दिवशी तुम्हाला काय करायला आवडतं? आजूबाजूला वीस जण एकदम बोलत होते. मी मनात म्हणलं, मला कुठली आलीय सुट्टी, आणि तोंडातून काहीतरी पुटपुटले, तेवढ्यात ती बाई पुढच्या प्रश्नाला गेलीसुद्धा. नंतरचं मी सगळं कुजबुजतच बोलले. मशीनला काही ऐकू गेलंच नसणार.

हे रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. शांतपणे म्हणले, "अगं, अजून एकदा दे. नाही झालं तर मी आणि आर्वी पुढं होतो, तू मागून ये. कागदावरचंच तर आहे सगळं. घरात काय फरक पडतो?"

मला त्या रात्रीपासून जेवण गेलं नाही. माझ्या डोक्यात एकच, पोरगी एका देशाची आणि मी दुसऱ्या देशाची. उद्या काही झालं, ह्यांचं काही बरंवाईट झालं, नियम बदलला, तर मला म्हणतील तू जा आणि ती राहील, ती इथली आहे. मी पोटातून काढलेली पोर आणि मी तिची पाहुणी.

दुसऱ्या दिवशी आजीच्या ओट्यापाशी उभी राहून मी हे सगळं एका दमात सांगितलं. ती रोट्या लाटत होती. वाटलं, म्हणेल, वेडी आहेस, असं काही होत नसतं.

ती म्हणली, "होतं."

मग लाटता लाटता सांगितलं. "माझा आजा इंग्रजांचा. बाप डच राणीचा. मी पण राणीची. माझा धाकटा भाऊ, तो पण. कोणी घर बदललं नाही, खाट बदलली नाही, आम्ही नुसते झोपलेले, सकाळी कोणीतरी येऊन सांगायचं, आता तुम्ही अमुक. मी लग्न होऊन इथं आले, आईला घेऊन आले, भाऊ म्हणला, पुढच्या वर्षी येतो. मधेच सुरीनाम स्वतंत्र झाला. चांगलंच झालं, नाचले लोक. आणि सांगितलं, जे इकडं आहेत ते डच, जे तिकडं आहेत ते सुरीनामी. मी तेव्हा भांडी घासत होते. भांडं ठेवलं तोवर माझा भाऊ फॉरेनर."

"मग?"

"मग काही नाही. काही वर्षांनी आई आजारी पडली. भावानं व्हिसा मागितला. दिला ना, चांगला तीन महिन्यांचा दिला. फक्त आईला जाळून झाल्यावर दिला." तिनं रोटी तव्यावर टाकली. "ह्या इंजिनियरला सांग, कागदावरचं कागदावर राहत नाही."

मी रडायला लागले. ती म्हणली, "रडू नको. मी तुला घाबरवायला सांगितलं. घाबरलीस ना? आता पास हो."

आणि तिनं माझी शिकवणी घेतली. पुस्तक बाजूला ठेवलं. म्हणली, "तू डच बोलतेस ते चोरून आणल्यासारखं बोलतेस. पाहुणा धन्यवाद म्हणतो. नागरिक तक्रार करतो. तुला तक्रार करायला शिकवते."

आमची लिफ्ट नेमकी बंद पडली होती. तिनं फोन माझ्या हातात दिला, बिल्डिंगवाल्यांच्या ऑफिसचा नंबर लावला, आणि समोर हाताची घडी घालून बसली. मी बोलले, "नमस्कार. लिफ्ट मोडली आहे. मी रागावले आहे. धन्यवाद."

आजीनं कपाळाला हात लावला. "रागावलेली बाई धन्यवाद म्हणते?"

"तोंडातून गेलं."

"परत लाव."

दुसऱ्यांदा मी धन्यवाद गिळला पण सॉरी म्हणले. तिसऱ्यांदा पलीकडच्या माणसानं वाट पाहायला सांगितलं आणि गाणं लावलं, ते गाणं ऐकूनच माझा धीर सुटला आणि मी फोन ठेवला. आजी म्हणली, "तुझा आवाज गळ्यात आहे. पोटात कधी जाणार?"

मग आर्वीला ताप भरला. डॉक्टरांकडून आलो, पोर अंगावर टाकलेली, निखाऱ्यासारखी गरम, लिफ्ट अजून बंद, आणि मी चार मजले जिना चढले, मध्ये दोनदा बसले. वर आल्यावर आजी दारातच होती. मी पोरीला तिच्या हातात दिलं आणि फोन लावला आणि मला आठवत नाही मी काय काय बोलले, व्याकरण नव्हतंच, पण मी म्हणले की माझी मुलगी आजारी आहे, जिना उंच आहे, माझे पाय दुखतात, शेजारी म्हातारी बाई आहे, ती मेली तर तिला खाली कोण नेणार, तुम्ही येणार का? मी एवढी ओरडत होते की गॅलरीतली दोन दारं उघडली.

तो माणूस सगळं ऐकून घेऊन म्हणला, "मेफ्राउ, तुमचा राग मला अगदी समजतो." मेफ्राउ म्हणजे बाईसाहेब.

लिफ्ट त्यानंतरही तीन आठवडे बंद होती. मी आजीला म्हणलं, "काय उपयोग झाला ओरडून?" ती एवढी खूश झालेली मी कधी पाहिली नव्हती.

"अगं, पाहुण्यांची लिफ्ट लगेच दुरुस्त करतात. नागरिकांना नुसतं समजून घेतात. झालीस तू!"

परत परीक्षेला गेले तेव्हा पडद्यावरच्या बाईनं विचारलं, तुमचं नवीन वॉशिंग मशीन बिघडलं आहे, दुकानदाराला काय सांगाल? मी सांगितलं. शेजारच्या मुलानं हेडफोन काढून माझ्याकडं बघितलं. तिथली देखरेखीची बाई उठून आली, मला वाटलं हाकलतेय, पण ती नुसती बघून गेली.

पास. ह्यांनी तिघांचा अर्ज एकत्र केला.

वर्ष गेलं त्यात. मग बोलावणं आलं. इथं नुसता कागद हातात देत नाहीत, खमेंटे म्हणजे इथली नगरपालिका, तिथं एक कार्यक्रम असतो, जावंच लागतं, आणि सगळ्यांसमोर तोंडानं म्हणावं लागतं की मी या देशाचे कायदे पाळेन. म्हणलं नाही तर नागरिक नाही. मी आजीला म्हणलं, तुम्ही या. ती म्हणली, "मला काय तिथं? मी लग्नात जाते, मयताला जाते. हे कुठल्यात बसतं?"

आली मात्र. डोक्यावर ओढणी, सगळ्या बांगड्या, आणि लिपस्टिक. मी पैठणी नेसले होते. बाकी लोक म्हणजे कोणी सुटात, कोणी जीन्समध्ये, एकजण तर सायकलचं हेल्मेट हातात घेऊन. भिंतीवर राजाचा फोटो. आजी त्याच्याकडं बघून माझ्या कानात म्हणली, "ह्याची आजी राणी होती, तिच्या राज्यातली मी. हा मला ओळखतो का बघ."

एक उंच बाई भाषण करत होती. म्हणली, तुम्ही हा देश निवडलात याचा आम्हाला अभिमान आहे. मग एकेकाचं नाव घ्यायला लागली. नाव घेतलं की पुढं जायचं आणि म्हणायचं, हे मी जाहीर करते आणि वचन देते. हे अगदी सहज म्हणून आले, मीटिंगमध्ये बोलल्यासारखे. मग माझं नाव. तोंड उघडलं तर गळ्यातून नाही, त्या लिफ्टच्या फोनवर आला होता तसा पोटातून आवाज आला, एवढा मोठा की आर्वीनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि लोक हसले. उंच बाई पण हसली, हात मिळवला. मी खाली आले आणि पोरीला घट्ट धरलं, ती म्हणली, "मामा, सोड ना," मामा म्हणजे त्यांच्यात आई, पण 'सोड ना' चक्क मराठीत.

शेवटचं नाव झालं. उंच बाईनं कागद मिटले. कॉफी बाहेर आहे म्हणली.

आणि आजी उठली.

पाहुण्यांच्या रांगेतून, लोकांच्या गुडघ्यांना ओलांडत, ती सरळ पुढं गेली आणि त्या बाईसमोर उभी राहिली. तिच्या कमरेएवढी. ह्यांनी माझा दंड पकडला, "अगं, थांबव तिला." मी थांबवणार, आजीला?

बाई वाकून म्हणली, "मेफ्राउ, तुमचं नाव राहिलं का?"

"नाही राहिलं. माझं नाव नाहीच."

"तुम्ही आधीपासूनच डच आहात ना?"

"जन्मापासून."

"मग तुम्हाला म्हणायची गरज नाही," ती बाई फार गोड बोलली.

"माहितीये गरज नाही," आजी म्हणली. "माझ्या आजाला कोणी विचारलं नाही. बापाला नाही. भावाला नाही. मला ठेवून घेतलं तेव्हा मलाही कोणी विचारलं नाही, ठेवू का म्हणून. सगळ्यांना विचारताय आज, तर मला पण विचारा."

उंच बाईनं इकडं तिकडं बघितलं. मदतीला कोणी नव्हतं. मग तिनं मिटलेले कागद परत उघडले, चष्मा लावला, आणि ते सगळं वाक्य पहिल्यापासून, हळूहळू, एकट्या आजीसाठी वाचलं. आजी ऐकत होती. मध्ये एकदा तिनं 'जरा परत' म्हणून हात केला, आणि बाईनं ते परत वाचलं. मग आजीनं भिंतीवरच्या राजाकडं एकदा बघून घेतलं. मला वाटलं, आता ही नाही म्हणते की काय. तिचा काही भरवसा नव्हता.

मग ती म्हणली. मोठ्यानं नाही, रोज भाजीवाल्याशी बोलायची तशी. हे मी जाहीर करते आणि वचन देते.

टाळ्या आधी कोणी वाजवल्या माहीत नाही, त्या हेल्मेटवाल्यानं बहुतेक.

आम्ही थोड्याच दिवसांत फोरबर्गला राहायला गेलो, आणि आजीला तिच्या मुलीनं रॉटरडॅमला नेलं. फोनवर बोलायचो. परत भेट झाली नाही, पण मला ती तिथलीच दिसते, हॉलच्या दारातली. दारात एक कोवळा पोरगा ट्रे घेऊन उभा होता, बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला केशरी क्रीम लावलेला केक देत होता आणि अभिनंदन म्हणत होता. आत काय झालं त्याला काही ठाऊक नव्हतं. आजीचा नंबर आला. त्यानं तिच्या पांढऱ्या केसांकडं, ओढणीकडं, बांगड्यांकडं बघितलं आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, परक्याला कळावं म्हणून बोलतात तसं विचारलं, "अभिनंदन, मेफ्राउ! नवीन?"

मला वाटलं, आता हा मेला.

आजीनं ट्रेमधला सगळ्यात मोठा केक बघून उचलला. "हो," ती म्हणली. "आजच." आणि आमची वाट न बघता, केक खात, मेट्रोच्या दिशेनं निघून गेली.